आडनावाप्रमाणे जोड्या

किटिओने लोलोहेआ छत्तीस वर्षांचा होता आणि गेली चौदा वर्षं टोंगाच्या राजधानीत, नुकुआलोफाच्या धक्क्यावर मालाच्या शेडमध्ये काम करत होता. शेडमध्ये एक टेबल, टेबलावर एक संगणक, आणि मागे खाऱ्या वाऱ्यानं चाळण झालेली पत्र्याची भिंत. बाहेरच्या बेटांकडे जाणाऱ्या बोटींत काय चढलं, कुणासाठी चढलं आणि कुठं उतरायचं, याची नोंद तो ठेवायचा. नोंदीचा तो प्रोग्राम त्यानं स्वतः लिहिलेला होता. हार्बर ऑफिसनं एकदा एक बंद पडलेला संगणक फेकून द्यायला सांगितला होता. त्यानं तो फेकला नाही. पुढचं सगळं त्यातून आलं.

शाळा त्यानं पाचव्या फॉर्मला, म्हणजे दोन इयत्ता उरल्या असताना, सोडली होती. तो उइहा बेटावरचा. वडिलांचा पाय साखरेच्या आजारानं सडला, कापावा लागला, आणि थोरल्या मुलानं सुरणाच्या वाफ्यात उतरायचं हे कुणी कुणाला सांगावं लागलं नाही. मास्तर मात्र घरी आले होते. मुलाला गणितात गती आहे, म्हणाले. वडिलांनी त्यांना ओल्या नारळाचं पाणी दिलं, बराच वेळ मान हलवली, आणि मास्तर पुढच्या बोटीनं परत गेले.

त्या वर्षी मार्च महिन्यात हार्बर ऑफिसचा कागद शेडच्या दारावर लागला. बंदराची सगळी नोंद आता नव्या पद्धतीनं होणार. जानेवारीपासून त्या टेबलावर बसणारा माणूस संगणकाचा पदवीधर हवा, निदान पदवीला प्रवेश मिळालेला तरी हवा. कागदावर कुणाचं नाव नव्हतं. त्या टेबलावर बसणारा माणूस जगात एकच होता.

मुकादम विलीनं तो कागद दोनदा वाचला आणि म्हणाला, "म्हणजे आता केळ्यांचे घड मोजायला डिग्री लागणार. बरं झालं, मी उचलणारा झालो. उचलायला अजून फक्त पाठ लागते."

सगळे हसले. किटिओनेही हसला. मग जेवणाच्या सुट्टीत तो चालत विद्यापीठाच्या आवारात गेला आणि माहितीपत्रक घेऊन आला.

पत्रकाच्या पहिल्या पानावर पांढरेशुभ्र दात असलेली चार मुलं एका पडद्याकडे बघत होती. आत लिहिलं होतं की पदवीनंतर माणूस काय काय होऊ शकतो. ती यादी लांबलचक होती आणि तिच्यातलं निम्मं काम किटिओने आधीच करत होता. प्रवेशासाठी सातवा फॉर्म, गणितात निम्मे गुण. त्याखाली बारीक अक्षरांत आणखी एक वाट होती. वय पंचवीसच्या वर आणि कामाचा पाच वर्षांचा अनुभव असेल तर दोन सत्रांचा पायाभूत वर्ग करायचा. त्याचे विषय चार: गणित, प्रोग्राम लिहिणं, कामाचं लेखन, आणि दोघांनी मिळून एक काम करून ते परीक्षकापुढं मांडणं. चारही विषयांत वेगवेगळं पास व्हायचं. सगळ्यात खाली, जणू पत्रकालाच लाज वाटत असावी असं, लिहिलं होतं की ही वाट या वर्षानंतर बंद होईल.

त्याच्या बायकोनं, सुलिएतीनं, ते पत्रक भिंतीवर येशूच्या चित्राशेजारी लावलं. संध्याकाळी ती तारोचे कंद सोलायची आणि मांडीवर पुस्तक ठेवून त्याला गणितं विचारायची. उत्तर बरोबर की चूक हे तिला कळत नसे. तो किती वेळ थांबून उत्तर देतो, त्यावरून ती ओळखायची.

"हे तुला येत नाही," ती म्हणायची.

"येतं."

"येतं तर छताकडे का बघतोस? उत्तर काय पालीच्या पाठीवर लिहिलंय?"

पहिलं सत्र त्यानं उत्तम गुणांनी पार पाडलं. प्रयोगशाळेत अकरा संगणक होते, विद्यार्थी तेरा, आणि लिंडसे नावाचा पालांगी मास्तर, ऑस्ट्रेलियातून आलेला, गोरा, मनानं चांगला. तो मुलांसारखं हसायचा आणि कुणाचंही नाव नीट उच्चारता येत नसेल तर पुन्हा विचारायचा. एकदा किटिओनेचा प्रोग्राम बघून तो खुर्ची ओढून शेजारी बसला आणि म्हणाला की पाचव्या फॉर्मचा माणूस असं लिहितो हे विद्यापीठाला समजलं तर विद्यापीठाचीच परीक्षा घ्यावी लागेल. किटिओने हे घरी सांगणार नव्हता. तरी सांगितलं.

दुसऱ्या सत्राच्या पहिल्या दिवशी वर्गात लोसालिने आली.

लोसालिने त्याच्या धाकट्या काकाची मुलगी, वय एकोणतीस. इस्पितळाच्या औषधसाठ्यात ती कारकून होती, आणि पहिलं सत्र तिनं दुसऱ्या शहरातून पूर्ण करून इकडे बदली घेतली होती. दोघं उइहावर एकाच छताखाली वाढले होते. त्यांच्या भाषेत चुलत असं काही नसतं. काकाची मुलगी ती बहीणच. आणि मुलगा वयात आला की त्यानं बहीण असलेल्या घरातून उठायचं, मुलांच्या झोपडीत जाऊन निजायचं. ती आत आली की त्यानं बाहेर जायचं. तिच्यादेखत थट्टा नाही, शिवी नाही, एका बैठकीत जेवण नाही. बहिणीचा मान भावाहून मोठा असतो. शहरात आता बरेच लोक हे पाळत नाहीत. लोलोहेआंच्या घरात पाळायचे. का, असं कुणी विचारलं असतं तर किटिओनेला सांगता आलं नसतं. कबरीवर पाय का देत नाही, हे तरी कुणाला सांगता येतं?

ती दारात आली तेव्हा तो एक प्रमेय उतरवत होता. त्यानं मान वर केली, तिला पाहिलं, वही मिटली आणि मागच्या दारानं व्हरांड्यात गेला. बाकीच्या बारा जणांनी पाहिलं आणि पाहिलं नाही. लिंडसेनं फक्त हे पाहिलं की एक विद्यार्थी उठून गेला.

गणित आणि लेखन त्यानं व्हरांड्यातूनच केलं. काचेच्या पट्ट्यांच्या खिडकीतून फळा दिसायचा, आवाज यायचा. दमा आहे, आतल्या थंड हवेनं त्रास होतो, असं त्यानं लिंडसेला सांगितलं. चर्चमध्ये सगळ्यात वरच्या पट्टीत गाणाऱ्या माणसाला दमा, यावर वर्गातलं कुणीही हसलं नाही.

मग लिंडसेनं दोघादोघांच्या कामाची यादी लावली. आडनावाप्रमाणे, वरून खाली, दोन-दोन नावं. त्यानं त्यात काही मनात ठेवलं नव्हतं. त्याच्या देशात अशाच याद्या करतात. चौथ्या ओळीत लिहिलं होतं: लोलोहेआ, लोलोहेआ.

बदलून मागता आलं असतं. त्यासाठी कारण सांगावं लागलं असतं, आणि कारण सांगायचं म्हणजे एका परक्या माणसासमोर बहिणीचा विषय काढायचा, आम्हाला एकत्र बसता येत नाही असं म्हणायचं, आणि मग तो विचारणार, का, तुमच्यात काय आहे. हा प्रश्नच कानावर येऊ नये म्हणून तर माणूस खोलीतून उठून जातो. तिकडे लोसालिनेनंही काही मागितलं नाही. वर्गातल्या एकानंही लिंडसेला सांगितलं नाही, कारण दुसऱ्याच्या घरातली गोष्ट आपण काढू नये. अशा रीतीनं बारा माणसांनी आपापल्या परीनं सभ्यपणा दाखवला, आणि प्रत्येकाच्या सभ्यपणानं त्या यादीतली ती ओळ आणखी पक्की होत गेली.

त्यांनी वार वाटून घेतले. मंगळवारी ती, गुरुवारी तो. काम एकच, संगणकही एकच, खिडकीजवळचा. विषय तिनं निवडला होता: बाहेरच्या बेटांवरच्या दवाखान्यांत कोणतं औषध कधी संपेल आणि कोणत्या बोटीनं ते पाठवावं. औषधं तिला ठाऊक, बोटी त्याला.

प्रोग्राममध्ये काही ओळी अशा असतात की यंत्र त्या वाचत नाही. मागून येणाऱ्या माणसासाठी लिहिणारा त्या सोडून जातो. पहिल्या गुरुवारी किटिओनेनं संगणक उघडला तेव्हा तिथं तिची एक ओळ होती.

"औषधांच्या तारखा इथं ठेवल्या आहेत. बोटींच्या तारखा खाली जोडल्या जाव्यात."

तू नाही, तुम्ही नाही. त्यानं बराच वेळ ती ओळ वाचली. मग बोटींच्या तारखा जोडल्या आणि खाली लिहिलं: "जोडल्या आहेत. वादळाच्या महिन्यांत बोट उशिरा येते, ते धरलेलं नाही. धरलं जावं का?"

मंगळवारी उत्तर आलं: "धरलं जावं."

असे नऊ आठवडे गेले. ओळी वाढत गेल्या. यंत्र त्यांच्यावरून पाणी वाहावं तसं वाहून जायचं. कधी तिनं लिहिलं की इन्सुलिन उन्हात दोन तासांत वाया जातं, धक्क्यावर सावली आहे का. त्यानं लिहिलं की शेडच्या पश्चिमेला दुपारपर्यंत असते. एकदा त्यानं लिहिलं की हे इन्सुलिन वडिलांच्या वेळी उइहाला पोचत असतं तर. वाक्य तिथंच सोडलं. पुढच्या मंगळवारी त्या वाक्याखाली तिनं काहीच लिहिलं नव्हतं, मात्र उइहाचा दवाखाना यादीत सगळ्यात वर नेला होता.

किटिओने वयात आल्यापासून ते दोघं एवढं बोलले नव्हते. किटिओनेला गुरुवारची वाट बघण्याची सवय लागली आणि त्या सवयीची त्याला भीतीही वाटू लागली.

लिंडसेनं काम पाहिलं. वर्गात सगळ्यात चांगलं, म्हणाला. मग पुढं म्हणाला की तुम्ही दोघं एकत्र बसलेले मला कधी दिसत नाहीत.

"काम होतंय ना," किटिओने म्हणाला.

"काम होतंय. पण शेवटी मांडायचं दोघांनी आहे. एकाच वेळी, परीक्षकासमोर. प्रत्येकानं दुसऱ्याचा भाग समजावून सांगायचा. नोकरीत हेच लागतं, किटिओने. कोड कुणीही लिहील."

त्या रात्री घरी तो जेवला नाही. सुलिएतीनं ताट झाकून ठेवलं आणि त्याच्यासमोर बसली. वीस मिनिटांचा प्रश्न आहे, ती म्हणाली. तिनं तिच्या ओळखीतली तीन घरं सांगितली, जिथं भाऊ-बहीण एकाच गाडीतून चर्चला जातात आणि आभाळ कोसळलेलं नाही. त्यानं ऐकून घेतलं. तिचं म्हणणं खोटं नव्हतं.

"तू खाली बघ," शेवटी ती म्हणाली. "ती पण खाली बघेल. दोघं जमिनीला समजावून सांगा. परीक्षक मधे आहे असं समजा."

दुसऱ्या दिवशी ती लोसालिनेकडे जाऊन आली. लोसालिने तिच्यासमोर रडली होती, पण हो म्हणाली होती. तिचीही वाट हीच होती आणि पुढच्या वर्षी ती बंद होणार होती. दोघांपैकी एक जरी आला नाही तर दोघंही नापास, असं नियमात स्पष्ट होतं. मांडणी सुरू झाल्यावर कुणी उठून गेलं तर मात्र जो उरेल त्याचे गुण त्याला मिळणार होते.

ऑक्टोबरच्या एका शुक्रवारी बाहेरून परीक्षक आला. सकाळच्या विमानानं आलेला, संध्याकाळच्या विमानानं जाणार. उंच, घामेजलेला, हसरा माणूस. किटिओनेनं इस्त्रीचा काळा तुपेनु, लुंगीसारखा, नेसला होता आणि त्यावर कमरेला वडिलांची ताओवाला, लग्नात आणि मयतात गुंडाळायची ती चटई. सुलिएतीनं चटईची सुंभाची दोरी बांधताना म्हटलं की श्वास घे, आणि त्याला आठवेना की श्वास कसा घेतात.

लोसालिने आधीच आत होती. टेबलाच्या टोकाला, भिंतीकडे तोंड करून, हातात कागद. लिंडसे परीक्षकाशेजारी. दार उघडं होतं. परीक्षकानं घड्याळ पाहिलं आणि कागदावर वेळ टिपली: मांडणी सुरू.

किटिओने उंबऱ्यापाशी उभा राहिला. त्यानं ठरवलं होतं. हे पुढं कधी कुणाला सांगावं असं त्याला वाटलं नाही, पण ते खरं होतं: तो आत जाणार होता. उजवा पाय त्यानं उचललाही होता. आतली थंड हवा त्याच्या घोट्याला लागली.

परीक्षकानं दोन्ही नावं वाचली, वर पाहिलं, भिंतीकडे तोंड केलेली बाई पाहिली, दारात अडखळलेला माणूस पाहिला, आणि वातावरण हलकं करावं म्हणून हसून म्हणाला, "या, मिस्टर लोलोहेआ. नवरा-बायकोचं भांडण बाहेर ठेवून या."

लोसालिनेचा हात टेबलावर पडला, उघडा, जसा एखाद्या झोपलेल्याचा पडतो. तिची मान हलली नाही. तिच्या कानाची पाळी मात्र लाल होत गेली, आणि आपण तिच्याकडे बघतो आहोत हे किटिओनेच्या ध्यानात आलं. त्यानं पाय मागं घेतला.

तो पळाला नाही. हळूहळू व्हरांड्यातून चालत गेला, पायऱ्या उतरला, आवारातल्या आंब्याखालून फाटकाबाहेर पडला. त्याला दोन गोष्टी माहीत होत्या. आता आत गेलं तर तो शब्द घेऊन आत जावं लागेल, आणि मग तो दोघांमध्ये वीस मिनिटं बसून राहील. आणि निघून गेलं तर ती पास होते. भावानं उत्तम वस्तू बहिणीला द्यावी, असं लहानपणी शिकवलेलं. डुक्कर कापलं तर पाठ तिची. मासा धरला तर मोठा तिचा. त्यानं दिलं, असं म्हणता येईल. पण फाटकातून बाहेर पडताना त्याला दिल्याचं समाधान वाटत नव्हतं. त्याला राग आला होता, आणि त्यात भयंकर हे होतं की तो राग परीक्षकावर नव्हता. परीक्षक तर संध्याकाळच्या विमानानं जाणार होता.

लोसालिनेनं एकटीनं मांडलं. तिनं किटिओनेचा भागही समजावून सांगितला, एका सुरात, कागदाकडे बघत. तिला शंभरात एकसष्ट मिळाले. किटिओनेच्या नावापुढं तीन विषयांत पहिला क्रमांक आणि चौथ्या विषयात शून्य. शेऱ्यात लिहिलं होतं की उमेदवारात संवाद साधण्याचं आणि सहकाऱ्याबरोबर काम करण्याचं कौशल्य नाही.

नंतर लिंडसेला कुणीतरी ते दोघं कोण आणि ती रीत काय ते सांगितलं. तो धक्क्यावर आला, शेडमध्ये, उन्हानं लालबुंद. बराच वेळ माफी मागत राहिला. मग म्हणाला की अर्ज कर. काय झालं ते लिही, तो काय बोलला ते शब्दशः लिही, पुन्हा परीक्षा मिळेल. मी सही करतो.

"कुठं जाईल अर्ज?"

"मुख्य कार्यालयात. समितीसमोर. पाच-सहा माणसं वाचतील."

किटिओनेनं विचार केला की पाच-सहा माणसं वाचतील. त्यातली बाकीच्यांना दाखवतील. एक फाइल होईल, तिच्यावर लोसालिनेचं नाव असेल, त्या नावापुढं तो शब्द. कुणीतरी तो शब्द टाइप करील.

"तुला काय हवंय ते लोकांना सांगायला शिकावं लागेल," लिंडसे म्हणाला. तो कळवळून म्हणाला. "नाहीतर कुणाला कसं कळणार?"

सुलिएतीनं निरोप आणला की लोसालिने स्वतः अर्ज लिहायला तयार आहे, नाहीतर ती आपली जागा सोडेल. किटिओनेनं उलटा निरोप पाठवला की तिनं यातलं काही केलं तर त्याला भाऊ म्हणू नये.

"तुझा मान राहिला," सुलिएती म्हणाली. "तिचा पण राहिला. आता जानेवारीत तो कुठल्या भांड्यात शिजवायचा ते सांग."

अर्जाची मुदत तीस नोव्हेंबरला संपली. त्या दिवशी तो नेहमीसारखा कामावर गेला, संध्याकाळी सात खोक्यांची चुकलेली नोंद शोधून काढली, आणि घरी येऊन पत्रक भिंतीवरून काढलं. येशूशेजारी भिंतीचा एक चौकोन बाकीच्या भिंतीहून उजळ राहिला होता.

जानेवारीच्या पहिल्या सोमवारी ऑकलंडहून नवा माणूस आला. चोवीस वर्षांचा, टोंगनच, तिकडेच वाढलेला. त्याला भाषा मोडकी येत होती, पदवी पूर्ण होती. नवी पद्धत चालू व्हायला अजून दोन महिने होते, तोवर जुनीच चालवायची, आणि जुनी फक्त एका माणसाला येत होती. हार्बर ऑफिसनं किटिओनेला सांगितलं की दोन दिवस त्याला शिकव, मग बुधवारपासून विलीच्या टोळीत.

किटिओनेनं त्याला शेजारी बसवलं आणि पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. हे का आहे, हे नसतं तर काय झालं असतं, इथं मी चुकलो होतो, ती चूक कशी सापडली. बोट भरतीला लागते की ओहोटीला यावरून खोक्यांचा क्रम का बदलतो, ते त्यानं नारळाच्या करवंट्या मांडून दाखवलं. मुलगा प्रश्न विचारत गेला. किटिओने प्रत्येक प्रश्नाला थांबायचा, मुलगा नेमका कुठं अडला आहे ते बघायचा, आणि तिथूनच सांगायचा. अकरा वाजेपर्यंत मुलाची वही भरली.

"काका, तुम्ही फार छान समजावता," मुलगा म्हणाला. "आमच्या विद्यापीठात असं कुणी सांगितलं नाही."

बाहेर विलीनं हाक मारली. उइहाची बोट लागली होती, एक माणूस कमी पडत होता, आणि बुधवारची वाट कशाला बघायची. किटिओने खुर्चीवरून उठला. खुर्ची मुलाकडे सरकवली. दारातल्या खिळ्यावरून उचलणाऱ्यांचे जाड हातमोजे घेतले; ते कुणा मोठ्या हाताच्या माणसाचे होते आणि आतून ओले होते. पहिलं खोकं औषधांचं होतं. त्यानं ते उचललं आणि शेडच्या पश्चिमेला, सावलीत नेऊन ठेवलं.

"तिथं नाही, इकडं," विली ओरडला. "तुला कुणी सांगितलं तिथं ठेवायला?"

खोकं पुन्हा उचलून किटिओने उन्हात निघाला.